न्हाणीघराची फरशी आणि मागचं दार



व्याख्यानाचा विषय काय ठेवायचा असं आयोजकांनी फोनवर विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "न्हाणीघर." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ते म्हणाले, "सर, म्हणजे तुम्ही तत्त्वज्ञानाचे... काही रूपक वगैरे आहे का?" नाही हो. रूपक नाही. खरंच न्हाणीघर. सहा फूट बाय आठ फूट, पुलगावातलं, आमच्या राहत्या घरातलं.

झालं असं की मागच्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की उंबरठा ओलांडून, पायऱ्या चढून संडासला जाणं बंद. कमोड हवा, धरायला भिंतीला दांडे हवेत, जमीन एका पातळीत हवी. आमचं घर आजोबांनी १९३७ साली बांधलेलं. त्यातलं न्हाणीघर जवळजवळ तसंच राहिलेलं. छातीपर्यंत पांढऱ्या चकचकीत टाइल, त्यावर हिरव्या वेलीची एक पट्टी, आणि खाली तांबड्या-करड्या नक्षीची फरशी. मुलगा पुण्याला असतो. त्यानं मोबाइलवर नव्या न्हाणीघराचं चित्र पाठवलं. सगळं करडं. भिंत करडी, जमीन करडी. त्याचं चुकत नव्हतं, त्याला आईची काळजी होती. पण मला ती फरशी जाऊ द्यायची नव्हती. का नव्हती, हे मला त्या वेळी नीट सांगता आलं नाही. आज सांगायचा प्रयत्न करतो.

सुरुवात गावापासून करू. पुलगाव हे नावच सांगतं की हे पुलाचं गाव. वर्धा नदीवर रेल्वेचा पूल झाला आणि त्याच्याकाठी गाव वाढलं. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली, ती याच वाटेनं. नदीच्या अलीकडे-पलीकडे काळी माती आणि कापूस. मग कापडाची गिरणी आली, आर्वीकडे जाणारी छोटी रेल्वे आली. दुसऱ्या महायुद्धात दारूगोळ्याचं भांडार आलं. म्हणजे आपलं गाव काही पुराणकाळातलं नाही. हे यंत्रयुगाचं गाव आहे. इथे जे 'जुनं' म्हणून आपण दाखवतो ते सगळं एके काळी कुणाच्या तरी डोळ्यांना झगझगीत नवं होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमचे आजोबा कापसाच्या अडतीत होते. त्यांच्या आधीच्या घरात न्हाणीघर म्हणजे काय होतं? परसात एक मोठा काळा दगड, त्याला लागून तुराट्यांचा आडोसा, कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब. पाणी वाहून अळूच्या वाफ्यात जायचं. घरात मोरी असायची, पण ती भांडी घासायला आणि हातपाय धुवायला. चार भिंतींची, दार लावता येईल अशी, नळाची आणि टाइलची आंघोळीची खोली ही मध्यमवर्गाच्या आयुष्यात फार उशिरा आली. आणि ती आली तेव्हा सोय म्हणून कमी, आरोग्य म्हणून जास्त आली.

याचा इतिहास मोठा मजेदार आहे. इंग्लंडमध्ये १८४०च्या दशकात कॉलऱ्यानं आणि घाणीनं शहरं हैराण झालेली. १८४८ साली तिथे सार्वजनिक आरोग्याचा पहिला कायदा झाला. त्याच सुमारास टाइल करण्याची रीत बदलली. सॅम्युअल राइट नावाच्या माणसानं १८३० मध्ये रंगीत मातीची नक्षी टाइलमध्ये जडवण्याचं पेटंट घेतलं. १८४० मध्ये रिचर्ड प्रॉसर यानं कोरड्या मातीची भुकटी दाबयंत्रात दाबून टाइल काढण्याचं पेटंट घेतलं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटनला या दोन्हींत धंदा दिसला. ओली माती वाळताना वाकते, आक्रसते. कोरडी भुकटी दाबली तर टाइल सरळ आणि सारखी निघते, आणि हजारोंनी निघते. मग दवाखाने, दूधडेऱ्या, स्टेशनं, सगळीकडे टाइल. पुढे रोगजंतू सापडले. रॉबर्ट कॉखनं १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखवला, पुढच्या वर्षी तो कॉलऱ्याच्या मागावर निघाला आणि कलकत्त्याला आला. तेव्हापासून गुळगुळीत पांढरी भिंत म्हणजे जिथे जंतूला लपायला जागा नाही अशी भिंत, हे समीकरण पक्कं झालं. आपल्याकडे मुंबईत १८९६ ला प्लेग आला, त्यानंतर घरात उजेड, वारा आणि धुता येणारा पृष्ठभाग पाहिजे ही गोष्ट सुशिक्षितांच्या मनात बसली. आमच्या आजोबांना जंतुशास्त्र ठाऊक नसेल. पण पांढरं म्हणजे निरोगी, हे त्यांना ठाऊक होतं.

मिंटनच्या फरश्या आपल्याकडे पाहायच्या असतील तर मुंबईला जा. कुलाब्याचं अफगाण चर्च बघा, भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. हे संग्रहालय १८७२ साली उघडलं, पुढे पार दुरवस्थेला गेलं, आणि मग महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांनी मिळून ते सावरलं. २००५ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. वर्धेकरांनी याचा थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही, नाव आपल्या जमनालालजींचं आहे. पण ते राजवाड्यासारखं काम. आपलं न्हाणीघर त्या मानानं गरीब.

आता आमच्या फरशीकडे या. ती मिंटनची नाही. ती भाजलेलीच नाही. पुष्कळांचा इथे घोटाळा होतो. जमिनीवरची नक्षीची जुनी फरशी आपल्याकडे बहुतेक सिमेंटची असते. ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या दक्षिणेला निघाली. लोखंडी साचा घ्यायचा. त्यात पितळी पट्ट्यांची जाळी बसवायची, करंजीच्या साच्यासारखी म्हणा. एकेका खान्यात पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं पातळ मिश्रण ओतायचं, चमच्यानं. मग जाळी अलगद उचलायची. हात हलला तर नक्षी गेली. वरून कोरडं सिमेंट आणि वाळू घालून दाबयंत्रात दाबायचं, आणि मग पाण्यात मुरवायचं. भट्टी नाही, विस्तव नाही. त्यामुळे नक्षी ही वर लावलेला रंग नसून काही मिलिमीटर जाडीचा थर असतो. झिजली तरी तीच नक्षी खालून वर येते. पन्नास वर्षं पाय घासले की ती उलट गुळगुळीत आणि सुंदर होते.

हे भारतात शक्य झालं ते सिमेंट स्वस्त झाल्यावर. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचं उत्पादन सुरू झालं, १९३६ मध्ये दहा-एक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. मधल्या काळात, १९२२ साली, फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी उरणला भारत टाइल्स काढली. स्वदेशीच्या जिद्दीनं काढली. परदेशी फरशीच्या तोडीची फरशी इथे करून दाखवायची, एवढाच ध्यास. स्वदेशी म्हटलं की आपल्याला खादी आठवते, मीठ आठवतं. फरशी कुणाला आठवत नाही. पण ज्या पिढीनं चरखा चालवला तिच्याच पायाखाली स्वदेशी फरशी आली होती.

आणि भिंतीवर? इथे आमच्या घरातली गंमत. पट्टीतली एक हिरवी टाइल सुटून आली, ती मी पालथी केली. मागे उठावदार अक्षरांत 'मेड इन जपान'. आजोबा खादी घालत. वर्ध्याला मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम सुरू झालं तेव्हा ते तिथे जाऊन आले होते, तिथलं घाणीचं तेल घरात आणत. आणि न्हाणीघरात जपानी वेल! १९२०-३०च्या दशकांत जपानी कारखान्यांनी उठावाच्या रंगीत टाइल इंग्रजी मालापेक्षा स्वस्तात काढून सगळ्या आशियात पाठवल्या. हिंदुस्थानच्या बाजारासाठी तर त्यांनी राजा रविवर्म्याच्या चित्रांवरून लक्ष्मी, सरस्वती, कृष्ण अशा देवांच्या टाइल केल्या. चेट्टीनाडच्या वाड्यांत त्या अजून दिसतात. आजोबांना ती टाइल जपानी आहे हे माहीत होतं का, असा प्रश्न मला घरात अनेकांनी विचारला. माझं उत्तर असं की अडत्या माणूस मालाची पाठ पाहिल्याशिवाय पैसे देत नाही. त्यांना माहीत होतं. माणूस असाच असतो. अंगावर एक, भिंतीवर दुसरं. त्यात ढोंग असतंच असं नाही. टाइल सुटली नसती तर मला हे कधीच कळलं नसतं, आणि सरसकट फोडली असती तरीही कळलं नसतं.

तर मिस्त्री आले. वयानं पन्नाशीचे, हाताला चांगले. भिंत पाहिली, नखानं सांधे खरवडले आणि म्हणाले, "हे ठेवून काय करता सर? पुरं काढून टाकू. दोन दिवसाचं काम हाय. मंग वरपासून खालपर्यंत नवी टाइल मारून देतो, पाहतच राहान." मी म्हटलं, ही ठेवायचीय. ते म्हणाले, "ठेवा. पण पाइप सडला भिंतीतला. तो काढायचा तं टाइल फोडाच लागते. आणि चार फोडल्या का चार नव्या लागतात. मंग ते जुनं रायलं का नवं झालं?"

बघा. वर्गात मी हा प्रश्न इतकी वर्षं शिकवला. भदंत नागसेन राजा मिलिंदाला विचारतात, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? ग्रीकांकडे थीसियसचं जहाज आहे. एम.ए.च्या मुलांना त्यावर दहा मार्कांचा प्रश्न असायचा. आणि मिस्त्रींनी मला तो पानाची पिंक टाकता टाकता विचारला. (हशा)

खरं तर आपल्याला या प्रश्नाचं एक उत्तर इथून जवळच बघता येतं. सेवाग्रामची बापूकुटी. गांधीजी ३० एप्रिल १९३६ला सेगावला राहायला आले. गावाचं सेवाग्राम हे नाव नंतरचं, १९४० मधलं. कुटी मातीची, बांबूची, कवेलूची. माती लिंपावी लागते, बांबू बदलावे लागतात, कवेलू फेरावे लागतात. तिथला प्रत्येक कण जुना ठेवायचा म्हटलं तर दोन पावसाळ्यांत कुटी जमीनदोस्त होईल. तिथे जपायची ती लिंपण्याची रीत. आपल्या परंपरेतला 'जीर्णोद्धार' हा शब्द याच अंगाचा आहे, अग्निपुराणात त्याचा विधी सांगितला आहे. इंटॅकनं २००४ मध्ये जी सनद केली तिनंही ही जिवंत परंपरा मान्य केली.

पण टाइलचं तसं नाही. टाइल लिंपता येत नाही. ती एकदाच होते. ज्या हातानं तो चमचा धरून रंग ओतला तो हात गेला. फुटली की ती गेली. म्हणून मातीच्या घराचा न्याय टाइलला लावता येत नाही, आणि टाइलचा न्याय नळाला लावता येत नाही. गंजलेला नळ हा वारसा नव्हे, तो गंजलेला नळ आहे. व्हिएन्नाचा आलॉइस रीगल यानं १९०३ साली जुन्या वास्तूंच्या मूल्यांवर एक निबंध लिहिला. त्यात त्यानं वयाचं मूल्य, इतिहासाचं मूल्य आणि वापराचं मूल्य वेगवेगळं काढून दाखवलं, आणि सांगितलं की ही मूल्यं एकमेकांशी भांडतात. न्हाणीघर ही त्यांची भांडायची खास जागा. संग्रहालयात कुणी ओल्या पायानं चालत नाही. इथे हिचा पाय घसरला तर रीगल काही उचलायला येणार नाही. टाइल वाचवण्यासाठी माणूस पडू देणं हा मूर्खपणा आहे, आणि दांडा बसवायला टाइल फोडावी लागली असती तर मी फोडली असती, हे आधीच कबूल करतो.

फोडावी लागली नाही, कारण मिस्त्रींनाच तोड सुचली. जुनी भिंत दीड फूट जाडीची, विटा आणि चुना. ते दोन दिवसांनी परत आले, बाहेरून भिंत ठोकून पाहिली आणि म्हणाले, "मागून गेलं तं?" म्हणजे टाइलच्या बाजूनं फोडायचंच नाही. मागच्या बोळीतून विटा काढायच्या, सडका पाइप तिकडून ओढायचा, नवा तिकडूनच घालायचा. टाइलला पत्ताच लागू द्यायचा नाही. मजुरी जवळपास दुप्पट झाली. पण भिंत वाचली.

यात शिकण्यासारखं पुष्कळ होतं, आणि तुमच्यापैकी ज्यांची जुनी घरं आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. टाइल पक्की आहे की पोकळ, हे नाण्यानं वाजवून कळतं. पक्की टणटणते, पोकळ बद्द बोलते. आमच्या टाइल चुन्यात बसवलेल्या. चुना सोडतो, सिमेंट सोडत नाही. आधी चारही बाजूंचे सांधे मोकळे केले आणि मग पातळ पट्टीनं हळू उचललं तर चुन्यातली टाइल सहसा अखंड येते. सिमेंटमधली तुकड्यांत येते. म्हणून परत बसवतानाही आम्ही चुनाच घातला. मिस्त्रींनी तो त्यांच्या वडलांच्या काळानंतर पहिल्यांदा हातात घेतला. कळी भिजवली, मुरवली, चार दिवस थांबले, आणि मग बाकीच्या पोरांना उपदेश करायला लागले. पोरं वैतागली. मला मात्र बरं वाटलं. जुनी टाइल कापायची वेळ आली तर पाणी सोडून कापा, तोंडाला मास्क बांधा. त्या धुळीत सिलिका असते, जुन्या चकाकीत शिसंही असू शकतं.

आणि ॲसिड. हे हात जोडून सांगतो. आपल्याकडे न्हाणीघर साफ करणं म्हणजे ॲसिड ओतणं. आपलं विहिरीचं पाणी जड, पांढरे थर चढतात, आणि बाटलीवाला दारावर येतो. ॲसिड भाजलेल्या टाइलचं फारसं बिघडवत नाही, पण सांधे खातं. आणि सिमेंटच्या फरशीचा रंगाचा थरच खातं, कारण तो थर म्हणजे सिमेंट आणि संगमरवर, दोन्ही ॲसिडला विरघळतात. आमच्या फरशीवर मोरीच्या तोंडाशी हातभर जागा अशी खाल्लेली आहे. एका दिवाळीत मीच ओतलं होतं. आता साबणाचं पाणी आणि ब्रश, आणि भिंतीवरचे थर लाकडी पट्टीनं खरवडणे. वेळ लागतो. निवृत्त माणसाला वेळच वेळ.

फरशीतल्या अकरा फरश्या पार गेलेल्या होत्या. मुंबईत अजूनही हातानं अशी फरशी करणारे आहेत. हुबेहूब नक्षी करून घेता आली असती. पण मी साध्या, एकरंगी, त्याच मापाच्या फरश्या घेतल्या, करड्याच्या जवळ जाणाऱ्या. १९६४ची व्हेनिसची सनद सांगते की नवा तुकडा एकूण चित्रात मिसळावा, पण तो जुना असल्याचं सोंग करू नये. मिस्त्रींना हे अजिबात पटलं नाही. "लोक म्हणतीन, सरचे पैसे संपले." (हशा) असो. म्हणू देत.

कमोडसाठी मात्र तडजोड करावी लागली. संडास न्हाणीघराला लागूनच होता, पण त्याचं दार परसातून, तीन पायऱ्या चढून. मधली भिंत उघडून दोन्ही खोल्या एक कराव्या लागल्या, संडासची जमीन खाली घ्यावी लागली. त्या भिंतीवरच्या चाळीसेक टाइल उतरवल्या, आणि जिथे जिथे तडा होता तिथे त्याच लावल्या. आज बाजारात बारा बाय अठरा इंचाची टाइल मिळते; ही सहा बाय सहाची. मापाला जुळणारी टाइल हवी तर ती आपल्याच घरात कुठे तरी शोधावी लागते, आरशामागे, दारामागे. आजोबांनी हे पाहिलं असतं तर त्यांना टाइल हलवल्याचं दुःख झालं नसतं. आंघोळीच्या खोलीत संडास आणला याचं झालं असतं. सोवळं पाळणारं घर होतं ते.

आता बोळीकडे येतो. खरं म्हणजे मला इथेच यायचं होतं.

आमच्या घरामागची ती बोळ तीन फूट रुंद. लहानपणी आम्हाला तिकडे जायची बंदी होती. चेंडू गेला तर गेला. संडासच्या तीन पायऱ्या कशासाठी होत्या हे तुमच्यातल्या वयस्कांना सांगायला नको. खाली टोपली असायची, आणि बोळीच्या बाजूनं गुडघ्याएवढ्या उंचीवर एक लोखंडी झडप. सकाळी एक बाई येत, झडप उघडून टोपली काढत, डोक्यावरून नेत. आई वरून पाणी ओतायची, जपून, शिंतोडा उडू नये म्हणून. आमच्या घरात त्या बाईंना कुणी नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असेपर्यंत हे चालू होतं. मग सेप्टिक टँक झाला, झडप आतून विटांनी बुजवली, बाहेर रंग मारला. आणि आम्ही विसरलो. विसरणं किती सोपं असतं! मी पुढे नीतिशास्त्र शिकवलं, कांट शिकवला, माणसाला साधन मानू नये हे शिकवलं. बोळ माझ्या घराच्या मागेच होती.

१९३६ साल पुन्हा बघा. एप्रिलअखेर गांधीजी सेगावला आले. आश्रमात संडास साफ करणं हे ज्यानं त्यानं करायचं काम होतं. आणि त्याच वर्षी मे महिन्यात बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' छापून प्रसिद्ध केलं, जातीच्या मुळाशी हात घालणारं. पुढच्या साली आमचं घर उभं राहिलं. आत जंतूंना लपायला जागा नसलेली पांढरी टाइल, आणि त्याच भिंतीच्या मागे ती झडप. म्हणजे आमची ती आरोग्यशास्त्रीय, आधुनिक, चकचकीत स्वच्छता कुणाच्या तरी डोक्यावर उभी होती. टाइल जितकी पांढरी, तितकी बोळ अदृश्य. मुंबई सरकारनं १९४९ मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्रानं १९५७ मध्ये मलकानी समिती. कोरडे संडास आणि हातानं मैला उचलणं यांना बंदी घालणारा कायदा झाला १९९३ साली, आणि तो पुरेसा नाही म्हणून दुसरा २०१३ साली. तारखांमधलं अंतर बघा. कॉखला जंतू सापडायला जेवढी घाई झाली तेवढी घाई इथे कुणालाच झाली नाही.

तर टाइल वाचवायची म्हणून सगळं काम बोळीतून. साठ-पासष्ट वर्षांनी मी त्या बोळीत पाऊल टाकलं. प्लंबर तरुण मुलगा होता, आयटीआय झालेला, कामात चोख. नकाशावर बोट ठेवून मला सांगत होता, इथे नहाणी ट्रॅप येईल, इथून लाइन बाहेर जाईल. हा 'नहाणी ट्रॅप' शब्द मला फार आवडतो. इंजिनिअरिंगच्या इंग्रजी पुस्तकांतसुद्धा तो असाच लिहितात. आपली न्हाणी तिथे जाऊन बसली आहे. तर तो विटा काढत होता आणि रंगाच्या खालून ती झडप निघाली. बिजागरी सकट. तो थांबला. हात पुसले. म्हणाला, "माही आजी असल्याच दारातून यायची, सर. हे नाई, पण असलंच."

मला काय बोलावं सुचेना. जे बोललो ते चुकीचंच बोललो. म्हटलं, "काढून टाकू ना ही. भंगारात देऊ. वरून प्लास्टर करू, दिसणारही नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. मग म्हणाला, "आतली फरशी जपून ठेवता, तं हे काहून बुजवता?"

मंडळी, मी तीन महिने रीगल आणि व्हेनिस सांगत फिरत होतो. एकेका टाइलसाठी मिस्त्रींशी भांडत होतो. खोटी जुनी फरशी नको, खरी हवी, असं म्हणत होतो. आणि खऱ्यातलं जे मला नकोसं होतं ते प्लास्टरखाली घालायला एका क्षणात तयार झालो. वारसा म्हणून आपण काय ठेवतो? बहुतेक जे दिवाणखान्यातल्या पाहुण्यांना दाखवता येतं ते. आजोबांची हिरवी वेल ठेवायची आणि झडप पुसायची, ही जपणूक झाली नाही. ती तर आजोबांच्याच सोवळ्याची पुढची आवृत्ती झाली.

मी त्याला विचारलं, तू सांग, काय करायचं. कारण ती माझ्या घराची भिंत असली तरी त्या झडपेवर माझा एकट्याचा हक्क आहे असं मला वाटलं नाही. त्याला ती जपायची होती असंही नाही, हेही सांगतो. त्यानं आजीची गोष्ट पुढे वाढवली नाही, आणि मी विचारली नाही. तो म्हणाला, "राहू द्या. कामाची जागा हाय. मेन कॉक इथंच टाकू, उघडता-लावता येईन." एवढंच. आणि विटा काढायला लागला.

मुलगा दिवाळीला आला तेव्हा त्याला मी आधी न्हाणीघर दाखवलं. दांडे त्यानं हलवून पाहिले. ते आरपार बोल्टांनी बसवलेत, बोळीच्या बाजूनं लोखंडी पट्ट्या लावून, भिंत पडल्याशिवाय निघायचे नाहीत. भोकं साध्या पांढऱ्या टाइलमधूनच पाडलीत, हिऱ्याच्या बिटानं, पाणी सोडत. वेलीला धक्का नाही. त्याला आवडलं, असं तो म्हणाला तरी. हिला विचाराल तर ती म्हणते, करडं नको होतं हे बरं झालं, पण खिडकी मोठी करायला हवी होती. ते राहिलंच. मग मी मुलाला बोळीत नेलं आणि झडप दाखवली. ही काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. पन्नाशीला आलेला, परदेशात जाऊन आलेला माणूस. त्याला उभ्या उभ्या सगळं सांगायला मला अर्धा तास लागला, आणि मधेच माझा आवाज चढला, कुणावर ते कळलं नाही.

झडपेला आता गंजरोधक तांबडा रंग दिलाय, आणि आत मेन कॉक आहे. नळाचं काही काम निघालं की मलाच बोळीत जावं लागतं. झडप गुडघ्याएवढ्या उंचीवर, त्यामुळे पार खाली वाकावं लागतं. परवाच बंद करून आलो, बेसिनचा नळ गळत होता.

वेळ झालेली दिसते. प्रश्न असतील तर विचारा. चुन्याबद्दल कुणाला विचारायचं असेल तर मिस्त्री मागच्या रांगेत बसलेले आहेत, ते माझ्यापेक्षा बरं सांगतील.